मधली बाई

"काय म्हणतात हो टीचर?" रोहिणीने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तिचा हात पिशवीतल्या शंकरपाळ्यांच्या डब्याकडे गेला. बातमी वाईट असली तर डबा आधी पुढे करायचा, असा बेत असावा.

आम्ही तिघी शाळेच्या ग्रंथालयात तिसरीतल्या मुलांच्या खुर्च्यांवर बसलो होतो. गुडघे पार हनुवटीला टेकलेले. समोर टीचर, म्हणजे मिस ओल्सन, हातात पिवळी फाइल घेऊन. माझ्या शेजारी रोहिणी खराडे, वय तीस, मूळची कोल्हापूरची, अमेरिकेत येऊन जेमतेम दहा आठवडे झालेले. मुलगी प्रांजल इथे तिसरीत. नवरा विश्वास फाउंड्रीतला माणूस. कंपनीने इथल्या कारखान्यात पाठवलेला आणि नेमका दिवसपाळीला अडकलेला. आणि मधे मी.

मी हेमलता दाबके. चिपळूणला अकरा वर्षं भूगोल शिकवला, मग नवऱ्याच्या नोकरीपायी फेअरहॉल नावाच्या या गावात आले. मक्याची शेतं, एक सिग्नल आणि सहा सरकारी शाळा. सहा शाळांचा कारभार एका कचेरीतून चालायचा, तिला डिस्ट्रिक्ट म्हणायचं. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, त्यांचं इंग्रजी डिस्ट्रिक्ट वर्षातून तीनदा तपासायचं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार आकडे, एकपासून सहापर्यंत. प्रत्येक मुलाची एक पिवळी फाइल. मूल कुठे अडलंय ते बघून जादा तास द्यायचे. आणि आईबापांना समजावून सांगायला दुभाषी. मराठीची दुभाषी मी. दुसरं कोणी अर्जच केला नव्हता, त्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात एकच नियम डोक्यात भरला होता. जो जे बोलेल ते सगळं सांगायचं, आणि त्याच्याच 'मी'ने सांगायचं. आई 'मी घाबरले' म्हणाली, की आपणही इंग्रजीत 'मी घाबरले' म्हणायचं. आपण मधे नाहीच असं समजायचं. आता तुम्हीच सांगा, चिपळूणच्या बाईने मधे असूनही नसायचं, हे जमणार कसं?

मिस ओल्सन म्हणाल्या होत्या ते असं : "ऐकण्यात दोन, बोलण्यात एक, वाचण्यात दोन, लिहिण्यात एक. मला प्रांजलची फार काळजी वाटते. ती वर्गात एकच शब्द बोलते, 'येस'. काहीही विचारा, येस. रोज एक तास ती माझ्याकडे आली तर बरं होईल. पण त्याला तुमची संमती लागते. तुम्ही नकोही म्हणू शकता."

मी रोहिणीकडे पाहिलं. पोरीच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सकाळी उठून शंकरपाळे तळलेले, ठेवणीतली साडी, त्यावर विश्वासचा जाडजूड कोट. हिला मी 'बोलण्यात एक' कसं सांगू? अहो, आमच्याकडे माणूस गेला तरी आधी "जरा बरं नाहीये, निघून ये" असंच कळवतात.

"टीचर म्हणतात, मुलगी गुणाची आहे," मी म्हटलं. "नवीन आहे, बुजते. रुळेल हळूहळू. हवा असेल तर रोज एक जादा तास घेतील म्हणतात."

रोहिणीने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, तो जादा तास म्हंजे ढ पोरांचा वर्ग असतो म्हनं. आमच्या बिल्डिंगमधली म्हनत होती. प्रांजल कोल्हापुरात पहिली येत होती हो."

"अगं, ढ वगैरे काही नाही."

"मग रुळणारच असंल तर नको. उगं बाईंना कशाला त्रास? नको, नको."

आता हे 'नको नको' कुठलं ते मला पक्कं ठाऊक होतं. पाहुण्याला चहा विचारला की तो करतो तेच. एकदा नको, दुसऱ्यांदा "अहो खरंच नको", आणि तिसऱ्यांदा अर्धा कप. मी मिस ओल्सनना म्हटलं, "फार आभारी आहोत, पण तुम्हाला उगाच त्रास नको." आणि त्या आग्रह करतील म्हणून हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत बसले.

कसला आग्रह आणि कसलं काय! मिस ओल्सनचा चेहरा पडला. "तो तुमचा हक्क आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि फॉर्मवरच्या दुसऱ्या, 'नको'च्या चौकोनात फुली मारून त्यांनी कागद रोहिणीपुढे सरकवला.

"कुठं सही करू?" रोहिणीने मला विचारलं.

त्या क्षणी मी म्हणू शकले असते, थांब. पण सगळं इतकं गोडीगुलाबीत चाललं होतं! आई हसत होती, डबा उघडला गेला होता, मला साडेतीनला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी बोट ठेवलं. तिने देवनागरीत झोकदार सही केली. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आज एका आईचा जीव भांड्यात पाडून आले." तो म्हणाला, "भांडं कुणाचं?" त्याचं बोलणं मी तीस वर्षं कानाआड करत आलेय, तसंच तेही केलं.

फेब्रुवारीत डिस्ट्रिक्टचा फोन आला. खराडे कुटुंबाची तातडीची बैठक होती.

या वेळी ग्रंथालय नव्हतं, मुख्याध्यापक मिस्टर हार्पर यांची खोली होती आणि खुर्च्या माणसांच्या होत्या. रोहिणीबरोबर तिचे सासरे आले होते. विश्वास पुन्हा पाळीवर. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. डिसेंबरात सहा महिन्यांसाठी आलेले. पांढरी टोपी, धोतर, त्यावर मुलाचं लाल जॅकेट, आणि बर्फातून चालत आल्याचं तोंडावर काडीचंही दुःख नाही. मी नमस्कार केला.

"तुमीच का मधल्या बाई?" ते म्हणाले. "सूनबाई लई नाव काढती तुमचं. म्हनती, काकू असल्या की भ्या वाटत न्हाई."

माझ्या अंगावर जरा मूठभर मांसच चढलं.

मिस ओल्सननी पिवळी फाइल उघडली. त्यांचा आवाज सुरुवातीपासून बरा नव्हता. "मी ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं की मला काळजी वाटते. मी रोज एक तास देऊ केला. तुम्ही नको म्हणालात आणि मी त्याचा मान राखला. मागच्या मंगळवारी प्रांजल दिवसभर तापाने फणफणलेली होती. नर्सने तिला विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, येस. डोकं दुखतंय का? येस. घरी जायचंय का? येस. वर्गात परत जायचंय का? येस. नर्सला वाटलं, ही थट्टा करतेय. दुपारी मला ती कोट लटकवायच्या जागेत, सगळ्यांच्या कोटांखाली झोपलेली सापडली. चार महिन्यांत तिचे आकडे जिथल्या तिथे आहेत. असंच राहिलं तर तिला तिसरी पुन्हा करावी लागेल."

मिस्टर हार्पर म्हणाले, "सोमवारपासून नवा गट सुरू होतोय. त्यात एक जागा आहे. पण तुमचा सही केलेला नकार वर्षभर लागू राहतो, आणि दुसरी मुलं रांगेत आहेत. पालकांना त्या वेळी नीट समजलंच नव्हतं असं दिसलं तरच मला तो रद्द करता येतो. पण बैठकीला दुभाषी हजर होती, अशी इथे नोंद आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे.

कोटांखाली झोपलेली ती पोर डोळ्यांपुढून हलेना. आणि खरं सांगते, त्याच्याच शेजारी, त्याच दमात, मला माझी अब्रूही दिसत होती. गावात मराठी घरं बावीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीच सांगितलं होतं की डिस्ट्रिक्टचं माझ्यावाचून पान हलत नाही. खरं बोलले तर नकार रद्द होईल आणि मी उघडी पडेन. गप्प बसले तर माझ्या केसालाही धक्का लागणार नव्हता, फक्त पोरगी बुडणार होती. एवढं लख्ख दिसत असूनही माझी जीभ, मेली, जुन्याच वाटेने गेली.

"टीचर म्हणतात," मी सुरू केलं, "प्रांजलकडे आता जरा जास्त लक्ष द्यायला हवं. मधे तिला थोडी कणकण होती. आणि तो जादा तास..."

"थांबा बाई," आप्पा म्हणाले.

मी थांबले.

"ती मास्तरीण बोलली चांगली पाच मिन्टं. मग ह्ये सायेब बोललं. आन तुमचं दोन वळीत उरकलं?"

"सारांश सांगतेय, आप्पा."

"सारांश." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात मी तेहतीस वर्सं मापाडी हुतो. शेतकऱ्याचा गूळ, व्यापाऱ्याचा पैका, आन मधी मी आन माजा काटा. काटा बोलंल त्ये मोठ्यांदा वरडायचं. शेतकरी हिरमुसतोय म्हून किलोभर वर न्हाई, व्यापारी डोळं वटारतोय म्हून किलोभर खाली न्हाई. मला इंग्रजीतलं काय बी कळत न्हाई. पर तोंडं वाचता येत्यात. त्या मास्तरणीचं तोंड रडवेलं हाय. तुमचं हसरं. एकाच मालाची दोन वजनं कशी?"

रोहिणी चपापली. "आप्पा, काकू आपल्या हाईत."

"आपल्या हाईत म्हून तर इचारतोय." मग ते मिस्टर हार्परकडे वळले आणि त्यांना मराठी येत असावं तसं ठणकावून म्हणाले, "सायेब, ही मधली बाई वजन खोटं सांगतीया."

मिस्टर हार्परनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले ते?"

नियम तुम्हाला सांगितलाच आहे. जो जे बोलेल ते सगळं. मी माझ्याच हातांकडे बघत इंग्रजीत म्हटलं, "साहेब, ही मधली बाई वजन खोटं सांगतेय."

मिस्टर हार्पर खुर्चीत पुढे सरकले.

"मधली बाई म्हणजे कोण?"

"मी," मी म्हटलं. "आणि ते बरोबर आहे."

मग काय, एकदा धरण फुटल्यावर थांबतंय कशाला! ऑक्टोबरमध्ये मिस ओल्सन काय म्हणाल्या होत्या, मी रोहिणीला काय सांगितलं होतं, ती कशाला घाबरली होती, 'नको नको'चा खरा अर्थ काय होता आणि मी तो कसा गिळला, सगळं इंग्रजीत सांगितलं. मग तेच मराठीत. मग नर्स, ताप, ते चार 'येस', कोटांची जागा, काही म्हणजे काही गाळलं नाही. 'मला फार काळजी वाटते' हे मिस ओल्सनचं वाक्य चार महिन्यांनी एकदाचं रोहिणीपर्यंत पोचलं.

रोहिणी रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. ती मान खाली घालून म्हणाली, "मंगळवारी घरी आल्यावर मी तिला रागावले. डबा परत आनला म्हून." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "काकू, तुमचं बोट बघून मी सही केली."

आजवर मला पुष्कळ जण पुष्कळ बोलले आहेत. नवरा तर रोजच. पण या वाक्याइतकं काही लागलेलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुला वाईट वाटू नये म्हणून केलं. पण चुकलं."

मिस्टर हार्परनी जुना फॉर्म काढून त्यावर आडवी रेघ मारली. नव्या फॉर्मवर रोहिणीने पहिल्या चौकोनात स्वतःच्या हाताने फुली केली, इतक्या जोरात की कागद फाटता फाटता वाचला. सोमवारची जागा प्रांजलला मिळाली. मग मिस्टर हार्पर माझ्याकडे वळून म्हणाले की पुढच्या बैठकीसाठी फोनवरून दुसरा दुभाषी मागवावा लागेल, मला समजत असेलच. मला समजत होतं. ते मी आप्पांना मराठीत सांगितलं, शब्द न् शब्द.

आप्पांनी टोपी चढवली. "त्येंला सांगा, काटा बिघडलेला सापडला म्हून कुनी फेकून देत न्हाई. दुरुस्त करायचा, शिक्का मारून घ्यायचा, आन वापरायचा. नवा तरी खरा असंल ह्याचा काय भरवसा?"

हेही मी इंग्रजीत सांगितलं. स्वतःची शिफारस स्वतःच्या तोंडाने, तीही बिघडलेला काटा म्हणून! मिस्टर हार्पर पहिल्यांदा हसले. मला पुन्हा एकदा प्रशिक्षण घ्यायला लावलं आणि मग ठेवून घेतलं. माझ्या फजितीची हकिगत बावीस घरांत पोचायला दोन दिवस लागले. ती मीच सांगितली. दुसऱ्याने तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा बरं.

मे महिन्याच्या अखेरीला वर्षाची शेवटची बैठक झाली. पुन्हा ग्रंथालय, पुन्हा त्या बुटक्या खुर्च्या, पुन्हा डबा. या वेळी प्रांजलही होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आप्पांना खेटून बसलेली. तिच्याशी मी आजवर मोजून चार वाक्यं बोलले असेन. काकूंना नमस्कार कर म्हटलं की करायची आणि आजोबांमागे लपायची.

मिस ओल्सन आकडे वाचत गेल्या आणि मी त्यांच्यामागून, बाजारात ओरडावं तशी स्वच्छ : "ऐकणं तीन! बोलणं दोन! लिहिणं दोन!" आणि मग, आवाज जराही न उतरवता, "वाचणं दोनच. जिथल्या तिथे. तिसरी पुन्हा करावी लागेल की नाही ते ऑगस्टच्या परीक्षेवर ठरेल."

रोहिणीचा चेहरा उतरला. मला आतून इतकं काही तरी गोड घालावंसं वाटलं की मी जीभ दाताखाली धरली. आप्पांनी हळूच मान हलवली.

"उन्हाळ्यात मी सहा आठवडे सकाळचा वर्ग घेणार आहे," मिस ओल्सन म्हणाल्या. "प्रांजल आली तर मला आनंद होईल. तुमची इच्छा असेल तर." फॉर्म बाहेर आला. त्यावर तेच दोन चौकोन.

मी सांगितलं. आणि रोहिणी, माझी बाई, त्या माऊलीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नको, नको. सुट्टीत कशाला बाईंना त्रास?"

आता काय करावं? नियम म्हणतो, जे बोलली ते सगळं. मागच्या वेळी स्वतःचं घातलं म्हणून एवढं रामायण झालं होतं. आप्पा माझ्याकडे रोखून बघत होते. मी देवाचं नाव घेतलं आणि इंग्रजीत म्हटलं, "नको, नको. सुट्टीत तुम्हाला कशाला त्रास?"

एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. तरी मिस ओल्सनचं पेन दुसऱ्या चौकोनाकडे निघालं. मी "जरा थांबा" म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच कुणीतरी बोललं.

"शी मीन्स येस."

आवाज एवढासा, पण स्पष्ट. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रांजल लालेलाल झाली होती, पण आजोबांमागे लपली नाही.

मिस ओल्सननी पेन खाली ठेवलं. "तुला कसं कळलं?"

प्रांजलने विचार केला. एकेक शब्द जागेवर बसतोय का ते बघत, इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे आधी नको म्हणतात. दोन वेळा. मग खातात."

मी हसले, मिस ओल्सन हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. रोहिणी भांबावून एकदा लेकीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काय म्हनाली? काकू, काय म्हनाली ती?"

"व्हय बाई, सांगा की," आप्पा म्हणाले. "मोठ्यांदा."

मी सांगितलं, मोठ्यांदा. शेवटच्या शब्दावर माझाच आवाज फुटला. रोहिणीने पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या वेणीवर तोंड टेकून कितीतरी वेळ तशीच राहिली. आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"बराबर," ते म्हणाले. "आता खरं वजन झालं."

मिस ओल्सननी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि फॉर्म रोहिणीपुढे सरकवला. सही झाल्यावर रोहिणीने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"नो, थँक यू," मिस ओल्सन म्हणाल्या.

प्रांजलने एक बोट वर केलं. "वन."

मिस ओल्सन तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नो, नो."

"टू," प्रांजल म्हणाली, आणि तिने डबा आणखी पुढे सरकवला.